जुनी जीप घेताय? आधी तिची कुंडली वाचा

हेडफोन लावा आणि बसा निवांत. आजचा भाग गाडीचा आहे, पण तो आपण इतिहासाच्या रस्त्याने करणार आहोत.

जळगाव-धुळ्याकडच्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, जुनी फोर बाय फोर जीप घ्यायचीय, काय काय बघायचं?" याद्या तर शंभर मिळतात. इंजिन बघा, टायर बघा, बॅटरी बघा. पण ती यादी कुठल्याही जुन्या अल्टोलाही चालते. जीपची भानगड वेगळी आहे. तीस-चाळीस वर्षांची जीप ही कारखान्यातून निघाली तशी उरलेलीच नसते. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, बॉडी तिसरीकडून बनवून घेतलेली. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, माझ्या भाषेत सांगतो. मूळ कोड एकच, त्याचे फोर्क पन्नास, आणि वर इतके पॅच मारलेले की सध्या कुठली आवृत्ती चालू आहे हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही. अशा वेळी आपण काय करतो? हिस्ट्री वाचतो. जीपचंही तेच करायचं. प्रत्येक काळाने या गाडीत आपापली एक खोड सोडून ठेवलीय. काळ ओळखता आला की खोड कुठे शोधायची ते कळतं.

पहिला काळ: लढाईची जीप

दुसरं महायुद्ध. अमेरिकन सैन्याला हलकी, कुठेही घुसणारी गाडी हवी होती. विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांपेक्षा जास्त जीप बनवल्या. विलिजच्या त्या गाडीचं नाव एमबी. २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६० हॉर्सपॉवर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच. या जीप युद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे भारतातही आल्या आणि युद्ध संपल्यावर बऱ्याच इथेच राहिल्या.

आता खरेदीचा मुद्दा. "ओरिजिनल विलिज, ४५ सालची" असं सांगून जीप विकणारे आजही भेटतात. एक मिनिटात तपासता येईल असं सांगतो. लढाईच्या एमबीच्या पुढच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपमध्ये सात. एमबीला मागे उघडणारं फाळकं नसतं, तिथे स्टेपनी लटकलेली असते. स्टिअरिंग डावीकडे असतं. समोरच्या गाडीला सात फटी, मागे फाळकं आणि उजवीकडे स्टिअरिंग असेल, तर ती चांगली जीप असू शकते, पण ती लढाईवर गेलेली नाही. 'लढाईची' म्हणून जे जास्तीचे पैसे मागितले जातात, ते द्यायचे नाहीत.

दुसरा काळ: माझगावची जीप

१९४५ मध्ये लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलिजच्या सुट्या भागांतून जीप जोडण्याचं काम सुरू झालं.

१९५३ मध्ये विलिजने सीजे-३बी आणली. हिचं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, त्यामुळे बोनेटही उंच करावं लागलं. आपल्या डोळ्यांपुढे 'जीप' म्हटल्यावर जे उंच नाकाचं चित्र येतं ते हेच. अमेरिकेत ही गाडी १९६८ ला बंद झाली. आपल्याकडे मात्र तिचं घराणं पुढे कित्येक दशकं चाललं. इंजिन बदललं, नावं बदलली, लांबी वाढली, पण चेहरा तोच.

याचा खरेदीला काय उपयोग? दोन गोष्टी. एक, चेहऱ्यावरून साल ओळखता येत नाही. १९७० ची आणि १९९५ ची जीप फोटोत जुळ्या बहिणी वाटतात. साल फक्त कागदावर आणि चासीवर. दोन, गाडीची रचना इतकी वर्षं जवळपास तीच राहिल्यामुळे एका सालाचे भाग दुसऱ्या सालाला बसतात. हे वरदान आहे, कारण पार्ट मिळतात. आणि हाच शाप आहे, कारण दोन-तीन भंगार गाड्यांची मिळून एक 'चकाचक' गाडी तयार करता येते.

तिसरा काळ: साहेबाची जीप

आता आपल्या खानदेशात या. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. तालुक्याला गटविकास अधिकारी आला, आणि त्याच्यासोबत जीप आली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. वन खातं, पाटबंधारे, आरोग्य, पोलीस, महसूल, सगळ्यांकडे जीप. सातपुड्यात यावल, पाल, धडगाव, तोरणमाळ या भागात दुसरी गाडी चढतच नव्हती. गावात धूळ उडवत जीप आली की लोक विचारायचे, कोण साहेब आला? कित्येक गावांनी सरकार पहिल्यांदा पाहिलं ते जीपमधून उतरताना.

या सरकारी जीप म्हाताऱ्या झाल्या की लिलावात निघायच्या. आज आपल्याकडे ज्या जुन्या जीप फिरतात त्यातल्या अनेकींचा पहिला मालक सरकार होतं. म्हणून आरसीवर पहिली नोंद कुणाच्या नावावर आहे ते बघायचं, आणि लिलावाचा कागद मागायचा. लिलावाचं पत्र, पैसे भरल्याची पावती, गाडी ताब्यात दिल्याचा कागद, ही साखळी अखंड पाहिजे. एक कडी तुटली की पुढे नाव ट्रान्सफर करताना गाडी अडकलीच.

इथे पासिंगची एक गंमत सांगतो. एमएच-१८ म्हणजे धुळे, एमएच-१९ म्हणजे जळगाव, हे तुम्हाला माहीत आहे. पण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी अक्कलकुवा, धडगाव, नवापूरच्या गाड्यांना धुळ्याचाच नंबर. नंदुरबारचा एमएच-३९ नंतर आला. म्हणजे १९९४ ची एमएच-१८ जीप धुळे शहरात साहेबाला फिरवत होती की सातपुड्याच्या घाटात दगड तुडवत होती, हे नंबरवरून कळणार नाही. आणि एमएच ही पद्धतच १९८९ पासूनची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असा नंबर असायचा. १९८२ ची गाडी सांगतात आणि नंबर एमएचचा आहे, तर विचारायचं: पुन्हा नोंदणी कधी झाली, का झाली? उत्तर सरळ असू शकतं. पण उत्तर कागदावर पाहिजे.

चौथा काळ: डिझेल

पेट्रोलची जीप तेल प्यायची. १९७३ नंतर जगभर तेल महागलं आणि डिझेलचा काळ आला. महिंद्राचा ट्रॅक्टरचा धंदा १९६० च्या दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत सुरू झालेलाच होता, तेव्हा त्या घराण्यातली डिझेल इंजिनं जीपमध्ये आली. पुढे १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने २,११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं. हे इंजिन आपल्या शेजारीच, नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला बनायचं. एमएम-५४० मध्ये हेच. त्यानंतर २,५२३ सीसीचं डीआय इंजिन.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपमध्ये या दोनपैकी एक सापडेल, म्हणून दोघांचे स्वभाव लक्षात ठेवा. प्यूजो तुलनेने मऊ आवाजाचं, पण सकाळी थंड असताना हीटर प्लगवर अवलंबून. म्हणून गाडी बघायला जाताना आधीच सांगायचं, "इंजिन गरम करून ठेवू नका." पोचल्यावर बोनेटला हात लावून बघायचा. गरम असेल तर चहा घ्या, थांबा, गार होऊ द्या. थंड इंजिनाचा सेल्फ मारल्यावर जे दिसतं ते खरं. पहिला थोडा धूर चालतो. पण गरम झाल्यावरही निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय, रिंगा-बोअरचा खर्च आहे. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. काळा धूर म्हणजे बहुतेकदा पंप-नोझलचं काम. ऑइल टाकायचं झाकण चालू इंजिनावर उघडून बघा. भकाभका वाफ बाहेर येत असेल तर आतलं कॉम्प्रेशन खाली गळतंय.

डीआय दणकट आणि तेलाला बरं, पण त्याची थरथर मोठी. वर्षानुवर्षांच्या त्या थरथरीने इंजिन फाउंडेशनची रबरं जातात, ब्रॅकेटला तडे जातात. तिथे टॉर्च मारा.

आणि आपला उन्हाळा विसरू नका. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पावसाळ्यात छान चालणारी जीप मे महिन्याच्या दुपारी पारोळ्याच्या पुढे उकळू शकते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह दुपारची घ्यायची, किमान अर्धा तास, आणि मध्ये दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवून काटा कुठे जातो ते बघायचं.

मोठा मुद्दा इंधनाचा. पेट्रोलच्या कित्येक जीपमध्ये मालकांनी नंतर डिझेल इंजिन बसवलं. गावोगावी झालं, कुणाला त्यात काही वाटलं नाही. पण आरसीवर 'पेट्रोल' लिहिलंय आणि बोनेटखाली डिझेल आहे, तर कायद्याच्या दृष्टीने ती गाडी कागदावरची गाडी नाही. इंजिन नंबर आरसीशी जुळला पाहिजे. इंजिन बदललं असेल तर त्याची आरटीओत नोंद पाहिजे. "नंतर करून घेऊ" हे वाक्य ऐकलं की समजायचं, इतक्या वर्षांत ते झालेलं नाही आणि आता ते तुमच्या गळ्यात येणार.

पाचवा काळ: काळी-पिवळी

१९९० च्या दशकात लांब चासीच्या जीप गावगाड्याच्या कामाला लागल्या. कमांडर, पुढे मॅक्स. काळी-पिवळी! चोपडा-यावल, अमळनेर-पारोळा, शिरपूर, साक्री. एसटी गेली तर काळी-पिवळी होतीच. सीट भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरल्यावरही चार जण मागे लटकायचे. शाळा, दवाखाना, बाजार, लग्न, सगळं तिच्यावर चाललं.

त्या लटकलेल्या चार जणांचं वजन आज कुठे दिसतं? चासीवर. मागचे पाटे जिथे चासीला लागतात ते हँगर, क्रॉस मेंबर आणि गिअरबॉक्सच्या आसपासचा भाग. खाली झोपून बघायचं. वेल्डिंगच्या जाड रेघा, मध्येच लावलेली पट्टी, एका बाजूला झुकलेली गाडी, ही सगळी ओव्हरलोडची सही आहे. हँगरची एखादी नीट केलेली दुरुस्ती चालते. पण चासीच मधून जोडलेली असेल तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही कमी असो.

दुसरं, यातल्या बऱ्याच गाड्या मुळात टू-व्हील ड्राइव्ह होत्या. आणि ज्या फोर बाय फोर होत्या त्यांचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट कित्येक मालकांनी काढून ठेवला. तेल वाचतं, क्रॉस बदलायचा खर्च वाचतो. उलट, आज फोर बाय फोरला भाव आला म्हणून टू-व्हील गाडीला पुढचं हाउसिंग लावून विकणारेही आहेत. जी गाडी फक्त पॅसेंजर म्हणून नोंदलेली आहे ती घरगुती वापरासाठी घेताना आरटीओत तशी बदली करून घ्यावी लागते, हेही हिशोबात धरा.

फोर बाय फोर खरंच आहे का?

लिव्हर हलतो म्हणजे फोर बाय फोर चालतं, असं नाही. एक सोपी तपासणी सांगतो. सपाट जागा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, आणि पुढचं एक चाक जॅकने उचला. जॅक लावल्यावर गाडीखाली शिरायचं नाही. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब असतील तर लॉक करा. आता लिव्हर टू-व्हीलमध्ये ठेवून उचललेलं चाक हाताने फिरवा. पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरायला हवा. मग लिव्हर फोर-हायमध्ये टाका आणि पुन्हा फिरवून बघा. आता चाक अडलं पाहिजे, थोडी ढील सोडून. कारण ट्रान्सफर केसने पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेत, आणि मागची चाकं जमिनीवर घट्ट आहेत. चाक तरीही आरामात फिरत असेल तर ट्रान्सफर केस, हब किंवा एक्सल, कुठेतरी साखळी तुटलेली आहे.

मग चालवून बघा, पण डांबरावर नाही. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि डांबरावर टायर घसरून ते जुळवू शकत नाहीत. मग सगळा ताण क्राउन-पिनियनवर येतो. नांगरलेलं काळ्या मातीचं वावर किंवा गिरणा-पांझराचं कोरडं पात्र शोधा. फोर-लो टाका, पहिला गिअर, हळू चढवा. लो गिअर ताण आल्यावर सटकत असेल, किंवा हाउसिंगमधून कर्रर आवाज येत असेल, तर भाव करण्याआधी मिस्त्रीला विचारा.

पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला गोळ्यासारखा भाग दिसतो, तिथून ग्रीस-ऑइल पाझरतंय का बघा. स्टिअरिंगची ढील बघा. ४०-५० च्या वेगाला खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाकं थडथड नाचायला लागली, तर किंगपिनच्या बेअरिंगपासून पाट्यांच्या बुशपर्यंत सगळं तपासावं लागेल.

गंजाच्या बाबतीत आपण नशीबवान. खानदेशची हवा कोरडी. म्हणून स्थानिक गाडी बरी, आणि समुद्रकाठची गाडी असेल तर जास्त संशयाने बघा. साधं लोहचुंबक खिशात ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे.

जिप्सी आणि 'मिलिट्री डिस्पोजल'

डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, ९७० सीसीची. १९९६ ला १,२९८ सीसीची जिप्सी किंग. हलकी, पेट्रोल, आणि सैन्याची लाडकी. सैन्याच्या जुन्या जिप्सी लिलावात निघतात, म्हणून 'मिलिट्री डिस्पोजल' हा शब्द बाजारात सोन्यासारखा चालतो. पण हिरवा रंग कुणीही मारू शकतं. खरी गाडी असेल तर लिलावाचे कागद असतात, आणि त्यानंतर आरटीओत झालेली नागरी नोंदणी असते. नुसत्या लिलावाच्या कागदावर रस्त्यावर फिरता येत नाही. 'जबलपूरचा एजंट करून देईल' म्हणाले तर नमस्कार करून निघा.

कागद, मोबाइल आणि पेन्सिल

मोबाइल तुमच्या हातातच आहे. एम-परिवहनवर नंबर टाका: साल, इंधन, फिटनेस कधीपर्यंत, कर्जाचा बोजा, गाडी ब्लॅकलिस्ट आहे का. मग चासी नंबर. वायर ब्रशने जागा साफ करा, कागद ठेवा, पेन्सिल घासा, नंबर उमटेल. तो आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. आकडे वाकडे-तिकडे, आजूबाजूला घासल्याची खूण किंवा वेल्डिंग असेल तर तिथेच थांबा. इंजिन दुरुस्त होतं, चासी नंबर दुरुस्त होत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग फिटनेस तपासून ५-५ वर्षांनी नूतनीकरण. शिवाय आपल्या राज्यात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर. हे सगळं भरलेलं आहे का ते बघा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८, कर्ज फेडलेलं असेल तर फॉर्म ३५. आणि ते रुंद टायर, कापलेली बॉडी, उंच केलेला सांगाडा? जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. रीलमध्ये भारी दिसणारी जीप फिटनेसच्या रांगेत नापास होऊ शकते.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय आहे, नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात. पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, एवढंच. शेतावर जायला जीप हवी असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

आता हे का महत्त्वाचं?

कारण तो तिसरा काळ संपला. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी आपोआप रद्द होते आणि त्या भंगारात जातात. सैन्य आणि अंतर्गत सुरक्षेच्या काही खास गाड्या सोडल्या तर सगळ्या. पंचायत समितीच्या आवारात चिंचेखाली उभी असलेली जीप आता लिलावातून शेतकऱ्याकडे येणार नाही. ती थेट कापली जाईल. प्रदूषणाच्या दृष्टीने त्याला कारण आहे, ते नाकारायचं नाही. पण त्याचा अर्थ असा, की आज स्वच्छ कागदांच्या जितक्या जीप बाहेर आहेत, त्यात नव्या फारशा येणार नाहीत. पुरवठा आटला की भाव चढतो, आणि भाव चढला की जोडलेल्या, नंबर बदललेल्या गाड्या वाढतात.

म्हणून क्रम उलटा करा. आपण आधी रंग बघतो, मग आवाज ऐकतो आणि शेवटी कागद. तुम्ही आधी कागद बघा, मग चासी, मग ट्रान्सफर केस, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी. घेतल्यावर एक फाइल करा: लिलावाचा कागद, जुन्या आरसीची झेरॉक्स, प्रत्येक मोठ्या कामाचं बिल, इंजिन नंबरचा फोटो. गावात कुणा म्हाताऱ्या ड्रायव्हरने ती गाडी चालवली असेल तर त्याच्याशी बोला, तारखा लिहून घ्या. गाडीची माहिती तर मिळेलच, पण साहेब पहिल्यांदा गावात कसा आला, पुरात औषधं कशी पोचली, हेही कळेल. ते कुठल्याच ॲपवर नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावातली सगळ्यात जुनी जीप कुठली आणि तिचा पहिला मालक कोण, हे शोधून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर डांबरावर फोर-व्हील टाकू नका!